टायटॅनियम कमी करून इमल्शनचं कव्हरिंग टिकवता येतं का?

जालनेकर

नमस्कार मंडळी. उद्योग विभागात रंगावर फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हा धागा.

आमचं इमल्शनचं (भिंतीला लावायच्या पाण्यातल्या रंगाचं) लहान युनिट आहे. माल जालना, परभणी, बीडकडच्या दुकानांत जातो. कच्च्या मालाच्या बिलात सगळ्यात मोठा घास टायटॅनियम डायऑक्साइडचा, म्हणजे रंगाला पांढरेपणा आणि कव्हरिंग (भिंत झाकण्याची ताकद) देणाऱ्या पावडरीचा. मे २०२५ मध्ये चिनी मालावर अँटी-डंपिंग ड्युटी लागली, तेव्हा आमचा खरेदीचा हिशोब जो बिघडला तो बिघडलाच. बादलीचा भाव वाढवला की दुकानदार दुसऱ्याची बादली पुढे सरकवतो.

पावडर विकणारा एक जण सांगून गेला, "१०० किलो रंगातलं टायटॅनियम १८ किलोचं १४ करा, उरलेले ४ किलो आमचं एक्स्टेंडर (स्वस्त भराव पावडर) टाका, कुणाला कळणार नाही." सॅम्पल बॅच काढली. चांगलंच कळलं. कव्हरिंग तपासायच्या काळ्या-पांढऱ्या कार्डावर काळी पट्टी खालून डोकावते, आणि पेंटर म्हणतो दोन हातांचं काम तीन हातांवर जाईल.

सध्याचा फॉर्म्युला, १०० किलोला: रुटाइल (म्हणजे टायटॅनियमच) १८, कॅल्साइट (चुनखडीची पावडर) २०, कॅल्साइन्ड क्ले (भाजलेली माती) ६, अॅक्रिलिक इमल्शन (पावडरी धरून ठेवणारं बाइंडर, ५० टक्के सॉलिड) २४. बाकी पाणी, डिस्पर्संट (पावडरीचे कण सुटे ठेवणारं रसायन), सेल्युलोज थिकनर, डिफोमर, बायोसाइड.

यात टायटॅनियम कमी करायला खरंच जागा आहे का?

हिशोबनीस

भाव वाढवा आणि मोकळे व्हा. ग्राहकाला शेवटी भिंत झाकलेली हवी असते.

जालनेकर

@हिशोबनीस, दुकानात एक दिवस बसून बघा, मग बोलू. :)

बाष्प

जागा आहे, पण पावडरवाल्याने दाखवली तिथे नाही. लांब लिहितोय, चहा घेऊन बसा.

आधी भिंत झाकते म्हणजे काय होतं ते बघू. प्रकाश रंगाच्या थरात शिरतो, कणांवर आपटून परत फिरतो, खालच्या भिंतीपर्यंत पोचत नाही. किती परत फिरेल हे कण आणि भोवतालचं बाइंडर यांच्या अपवर्तनांकातल्या फरकावर ठरतं. रुटाइल साधारण २.७, अॅक्रिलिक बाइंडर १.५ च्या आत-बाहेर, कॅल्साइट १.६. आता शाळेतलं सूत्र लावा: दोन्ही अंकांची वजाबाकी भागिले बेरीज, त्याचा वर्ग. रुटाइल-बाइंडर सीमेवर सरळ आलेला सुमारे ८ टक्के प्रकाश परततो. कॅल्साइट-बाइंडर सीमेवर ०.१ टक्का. म्हणजे बाइंडरमध्ये बुडालेलं कॅल्साइट प्रकाशाच्या लेखी जवळपास नाहीच. पावडरवाल्याचं ४ किलो एक्स्टेंडर त्याच जातीचं असणार.

आता गंमत. हवेचा अपवर्तनांक १. बाइंडरमध्ये अडकलेल्या हवेच्या सीमेवर ४ टक्के प्रकाश परत येतो, टायटॅनियमच्या निम्मा. आणि हवेला ड्युटी नाही. टायटॅनियम वाचवण्याचे बहुतेक मार्ग शेवटी एकाच गोष्टीवर येतात: थरात योग्य आकाराची हवा कशी अडकवायची.

पण त्याच्याही आधी एक काम आहे. तुम्ही आज जे १८ किलो घालता, ते सगळं कामाला लागलंय का? टायटॅनियमचा कण ०.२ ते ०.३ मायक्रॉनचा बनवलेला असतो, कारण दृश्य प्रकाश त्या आकाराला सगळ्यात जास्त विखुरतो. पाच-पन्नास कण एकमेकांना चिकटून गोळा झाले की प्रकाश त्यांना एकच मोठा कण समजतो. पैसे सगळ्या कणांचे, काम एकाचं. लहान युनिटांत टायटॅनियमची सगळ्यात मोठी गळती इथे असते आणि ती कुठल्याच बिलात दिसत नाही.

म्हणून दोन प्रश्न. ग्राइंडिंगला (पावडरी पाण्यात घोटून पेस्ट करायला) पाणी कुठलं वापरता? आणि एचएसडीच्या (वेगाने फिरणाऱ्या चकतीच्या मिक्सरच्या) भांड्यात पेस्ट फिरताना कशी दिसते?

जालनेकर

पाणी बोअरचं. उन्हाळ्यात बोअर आटलं की टँकर. पेस्ट पातळसर ठेवतो, मोटरवर लोड येत नाही.

मोलर

मी नांदेडला रसायनशास्त्र शिकवते. रंगातलं फार कळत नाही, पाण्यातलं कळतं. आपल्याकडच्या बेसॉल्टमधल्या बोअरचं पाणी म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. किती तरी बोअर त्याच्याही वर असतात. साबणाला फेस येत नाही ते काय उगाच?

तुमचा डिस्पर्संट सोडियम पॉलिअॅक्रिलेट असेल तर त्याच्या ऋणभारित साखळ्यांना हे कॅल्शियम आधीच पकडून बसणार. टायटॅनियमच्या वाट्याला उरेल तेवढंच. शिवाय विरघळलेले क्षार वाढले की कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारं विद्युतभाराचं कवच आक्रसतं. टँकर बदलला की बॅच बदलत असेल तुमची. बरोबर का?

जालनेकर

ताई, मार्च-एप्रिलच्या बॅचेस नेहमी किरकिऱ्या निघतात. आम्ही दोष गरमीला देत होतो.

बाष्प

मोलरताईंनी माझं अर्धं काम केलं. ग्राइंडिंगपुरतं तरी आरओचं पाणी घ्या. नसेलच तर पाण्यात आधी थोडं सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट विरघळवा, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. त्यानंतर डिस्पर्संट, त्यानंतर पावडर. हा क्रम उलटवू नका. फॉस्फेटवर कायमची भिस्त मात्र नको, बादलीत महिनोन् महिने राहिलं की त्याची साखळी हळूहळू तुटते.

पातळ पेस्टचं म्हणाल तर मोटरला आराम मिळतो तो टायटॅनियमच्या पैशातून. एचएसडीमध्ये गुठळी फोडते ती चकती नुसती नव्हे. जाड पेस्टचे थर एकमेकांवर घासतात तेव्हा खरी फोड होते. पातळ केलं की चकती पाण्यात फिरल्यासारखी फिरते, शिंतोडे उडतात, गुठळ्या तशाच. पेस्ट इतकी जाड हवी की चकतीभोवती मेदूवड्यासारखं कडं गोल गोल वळत राहील आणि मध्ये चकतीची कड जेमतेम दिसेल. चकतीच्या कडेचा वेग सेकंदाला २० मीटरच्या आसपास: ३०० मिलिमीटरची चकती असेल तर सुमारे १३०० आरपीएम. इमल्शन आणि उरलेलं पाणी नंतर, वेग उतरवून.

डिस्पर्संटचा डोस पुरवठादाराच्या कागदावरून घेऊ नका. तुमच्याच पावडरींची जाड पेस्ट करा, थेंब थेंब डिस्पर्संट घाला. पेस्ट सैल होत जाते, एका टप्प्यावर आणखी सैल होत नाही. त्याच्या किंचित पुढे थांबा. फार पुढे गेलात तर भिंतीवरचा थर पाण्याला कच्चा राहतो.

तपासायला यंत्र लागत नाही. पांढऱ्या रंगात थोडं निळं किंवा काळं स्टेनर (छटा देणारा दाट रंग) मिसळा, कार्डावर ओढा, अर्धवट सुकल्यावर एका कोपऱ्यात बोटाने घासा. घासलेली जागा वेगळ्या छटेची दिसली तर समजा आत गोळे झालेत आणि तुमच्या बोटाने ते फोडले.

दोन_हात

मी लातूरचा, रंगकाम करतो. तुमचं वर्गाचं गणित डोक्यावरून गेलं, पण एक सांगायचंय. बादलीत काय टाकलं ते राहू द्या, भिंतीवर काय होतं ते बगा. लिटरला पाव-अर्धा लिटर पाणी मारायचं असतं, तिथं गडी लिटराला लिटर पाणी मारायलेत. कामून? मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत रोलर ओढायला जड जातो, भिंत लगेच पाणी शोषते. मग म्हणतात कंपनीनं कव्हरिंग कमी केलं. भिंतीवर सकाळी नुसता पाण्याचा हात मारून घ्या, प्रायमर चुकवू नका, आन दुपारी १२ ते ४ काम बंद ठेवा. निम्मं कव्हरिंग तिथंच वाचतं.

दुसरं म्हणजे हळदी पिवळा. तो कुणाचाच झाकत नाही. पांढरा हात आधी दिल्याबिगर मी पिवळ्याला हात लावत नाही.

बाष्प

दोन_हात, लाख बोललात. पिवळ्याबद्दल थोडं. जुने ऑइलपेंटचे पिवळे मस्त झाकायचे ते लेड क्रोमेटमुळे. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम झाली, नोव्हेंबर २०१७ पासून ती लागू आहे, आणि ते झालं ते बरंच झालं. आता चमकदार पिवळा-लाल सेंद्रिय रंगद्रव्यांवर उभा असतो आणि ती मुळात पारदर्शकतेकडे झुकणारी. त्यात गडद बेसमध्ये (ज्या बादलीत दुकानात गडद छटा मिसळतात तिच्यात) टायटॅनियम जवळपास नसतंच.

काळीमाती

अवांतर: आपण राहतो तो काळा दगड, दख्खनचा बेसॉल्ट, त्यातच टायटॅनियम डायऑक्साइड साधारण दोन-तीन टक्के असतं. पायाखाली डोंगरच्या डोंगर, आणि आपण बाहेरून पोती आणतोय. काढणं परवडत नाही म्हणून. किफायतशीर खनिज समुद्रकाठच्या काळ्या वाळूतलं इल्मेनाइट. केरळात चवऱ्याला त्यापासून रुटाइल बनवतात. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही ती वाळू आहे.

हिशोबनीस

अवांतर आवडलं. पण मुद्द्यावर या. पेस्ट जाड केली, पाणी बदललं, मान्य. पुढे १८ चे किती?

बाष्प

आता फॉर्म्युला. किलोत विचार करायचं सोडा, लिटरमध्ये करा. थर आकारमानाने बनतो. रुटाइलची घनता सुमारे ४.१, कॅल्साइट २.७, क्ले २.६, कोरडं बाइंडर १.१ धरू.

तुमच्या मूळ फॉर्म्युल्यात रुटाइल ४.४ लिटर, कॅल्साइट ७.४, क्ले २.३, बाइंडर १०.९. पावडरी १४.१ लिटर, कोरडा थर २५ लिटर, म्हणजे पीव्हीसी ५६ टक्क्यांच्या थोडी वर. (पाइपवाली पीव्हीसी नव्हे, पिगमेंट व्हॉल्यूम कॉन्सन्ट्रेशन.) थरात एकट्या टायटॅनियमचा वाटा साडेसतरा टक्के.

सॅम्पलमध्ये पीव्हीसी ५७ झाली आणि टायटॅनियम १३ टक्क्यांवर आलं. आता लक्ष द्या. टायटॅनियम थरात दाटीने बसलं की प्रत्येक कणाची प्रकाश विखुरण्याची कुवत उतरते. शेजारी फार जवळ आला की दोघांची क्षेत्रं एकमेकांत शिरतात. त्यामुळे १८ वरून खाली येताना कव्हरिंग त्याच प्रमाणात पडायला नको, कमी पडायला हवं. तुमचं धाडकन पडलं असेल तर माझा संशय कॅल्साइटच्या जाडीवर. किती मायक्रॉनचं आहे?

जालनेकर

राजस्थानचा माल, सरासरी १० मायक्रॉन. ती नवी पावडर पण तशीच निघाली.

बाष्प

तेच. १० मायक्रॉनचा कण टायटॅनियमच्या कणापेक्षा चाळीसपट रुंद. असे धोंडे थरात बसले की मधल्या फटींमध्येच सगळं टायटॅनियम कोंबलं जातं. एकूण प्रमाण कमी, पण आहे तिथे गर्दी तेवढीच. कॅल्साइटचा काही भाग काढून मायक्रॉनभर किंवा त्याहून बारीक प्रेसिपिटेटेड कॅल्शियम कार्बोनेट घाला आणि कॅल्साइन्ड क्ले वाढवा. बारीक कण टायटॅनियमच्या आसपास बसतात. क्लेचा फायदा वेगळा: भट्टीत भाजताना तिच्या पापुद्र्यांत बारीक पोकळ्या राहतात, त्यात हवा. तीच ती फुकटातली हवा.

हे फुकट नाही. बारीक पावडर आणि क्ले बाइंडर जास्त पितात. एका मर्यादेनंतर बाइंडर कणांमधल्या सगळ्या फटी भरू शकत नाही, ती क्रिटिकल पीव्हीसी. अॅस्बेक आणि व्हॅन लू यांनी १९४९ मध्ये ही कल्पना मांडली आणि आजही रंगाचा सगळा धंदा तिच्याभोवती फिरतो. ती ओलांडली की फटींत हवा राहते, कव्हरिंग झपकन वाढतं. त्याच वेळी घासण्याला टिकणं, डाग न धरणं हे सगळं घसरतं.

हिशोबनीस

मग ओलांडा की! चुन्याची भिंत दुसरं काय करते? ओली असताना आरपार, वाळली की पांढरीशुभ्र. दोन वर्षांनी दिवाळीला परत रंग देणाऱ्याला घासण्याचं काय कौतुक? भाड्याच्या खोल्यांचा मालक ते विचारतही नाही.

बाष्प

हिशोबनीस, आतल्या छतासाठी तुमचं शंभर टक्के मान्य. छताला कुणी ओल्या फडक्याने पुसत नाही. स्वस्त सीलिंग व्हाइट (छताचा पांढरा) त्या क्रिटिकल मर्यादेच्या वरच असावा, त्यात लपवण्यासारखं काही नाही. फक्त डब्यावर 'वॉशेबल' लिहू नका.

भिंतीचं वेगळं. फटींतल्या हवेची जागा पाणी घेऊ शकतं. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणजे बाइंडरच्या जवळ. पाणी शिरलं की कव्हरिंग गेलं. पावसाळ्यात स्वस्त डिस्टेंपरची भिंत ओल आल्यावर काळपट का दिसते, याचं मोठं कारण हेच. घरच्या घरी चाचणी: सुकलेल्या कार्डावर ओलं फडकं दाबा. खालची काळी पट्टी उगवली, तर तुमचं कव्हरिंग उघड्या फटींवर उभं आहे.

सातारा_परिसर

आमच्या जिन्यातली भिंत! पोरांनी पाण्याचे फुगे मारले की जुना हिरवा रंग दिसतो, वाळलं की गायब. भूत समजत होतो.

जालनेकर

:D

बाष्प सर, त्या पोकळ गोळ्यांच्या पॉलिमरबद्दल ऐकलंय. ओपेक पॉलिमर. घ्यावं का?

बाष्प

चीज चांगली आहे. रोम अँड हास कंपनीने १९८० च्या दशकात बाजारात आणली. स्टायरिन-अॅक्रिलिकचे मायक्रॉनच्या अर्ध्याहून लहान गोळे, आत पाणी. रंग सुकताना पाणी कवचातून बाहेर झिरपतं, आत हवा राहते. फटीतली हवा आणि ही हवा यात फरक असा की ही कवचात बंद आहे. भिंत ओली झाली तरी पाणी सहज आत शिरत नाही, म्हणून ओल्या फडक्याच्या चाचणीत हा रंग टिकतो.

तीन गोष्टी सांभाळा. एचएसडीत दळू नका, शेवटी हळू वेगात मिसळा. कोअलेसिंग सॉल्व्हंट (सुकताना थर एकजीव व्हावा म्हणून घालतात ते द्रावण) जहाल किंवा जास्त असेल तर कवच मऊ पडून गोळे बसतात, तो बेताने घ्या. आणि भाव लिटरवर काढा, किलोवर नाही, कारण हे हलकं असतं. किलोवर तुलना केली तर भलताच निष्कर्ष निघेल.

दोन_हातांसाठी: या रंगाचा ओला हात पातळ वाटतो. वाळल्यावर झाकतो.

दोन_हात

हेच तर भांडणाचं मूळ हाय सर. ओल्यात दिसलं नाही की गडी अजून एक जाड हात ओढतो. मालक म्हणतो रंग जास्त लागला. बादलीवर मराठीत मोठ्यानं लिवा, 'वाळल्यावर बघा'.

मोलर

एक शंका. चुन्यात नीळ घालतात तसं इमल्शनमध्ये चालेल? आजी हमखास घालायची.

बाष्प

चालतं, आणि मोठे लोकही करतात. निळीने पिवळी झाक मारली जाते, पांढरा डोळ्याला स्वच्छ वाटतो. पण कव्हरिंगच्या आकड्यात नीळ किंवा काळ्याचा थेंब जी भर घालतो, ती प्रकाश शोषून घालतो. खालच्या भिंतीपर्यंत प्रकाश कमी पोचतो हे खरं, मात्र वरूनही कमीच परत येतो, म्हणजे भिंत जराशी करडी. थेंबभर ठीक. पांढऱ्याशेजारी पांढरं धरलं की पितळ उघडं पडतं.

आकड्याचं म्हणाल तर काँट्रास्ट रेशो: ठरावीक जाडीचा थर कार्डावर ओढायचा, सुकल्यावर काळ्यावरून परतणारा प्रकाश भागिले पांढऱ्यावरून परतणारा प्रकाश, गुणिले १००. ९८ म्हणजे झाकलं असं धरतात. दोन्ही मूळ आकडेही लिहून ठेवा. नुसत्या रेशोवर गेलात तर करडा रंग पास होतो.

जालनेकर

मधे बरेच दिवस गेले, अपडेट देतो.

ग्राइंडिंगला आरओचं पाणी सुरू केलं, पेस्ट जाड केली. मोटर कण्हते, पण चालते. फॉर्म्युला तोच, १८ किलोच, तरी कार्डावरची पट्टी आधीपेक्षा फिकी झाली. बोटाने घासल्यावरची छटाही आता जवळपास वेगळी दिसत नाही. इथवर पावडरींत एक रुपयाचा बदल नाही.

मग जाड कॅल्साइट थोडं काढून बारीक कार्बोनेट आणि क्ले वाढवली, रुटाइल खाली आणत गेलो. १५.५ किलोवर जुन्या बॅचइतकं कव्हरिंग मिळतंय, ओल्या फडक्यातही. १४ वर कोरडं झाकतं, पण फडकं दाबलं की पट्टी येते आणि घासल्यावर पीठ सुटतं. म्हणून १५.५ वर थांबलो. ओपेक पॉलिमरचं सॅम्पल मागवलंय.

सीलिंग व्हाइट मात्र हिशोबनिसांच्या म्हणण्याप्रमाणे वेगळा काढला. त्यात टायटॅनियम निम्म्याहून कमी. तुमचं कमिशन चहात वळतं करतो.

हिशोबनीस

स्पेशल चहा. खारी पण.

जालनेकर

शेवटची अडचण. दोन दुकानांत टिंटिंग मशिन (पांढऱ्या बेसमध्ये कोडप्रमाणे कलरंट सोडून शेड बनवणारं) आहे. नव्या बेसमध्ये जुन्याच कोडने रंग मारला तर गडद येतोय.

बाष्प

येणारच. टायटॅनियम हाच तुमचा पांढरा. तो कमी केला की तेवढ्याच कलरंटचा जोर जास्त दिसतो. नव्या बेससाठी सगळे कोड पुन्हा बसवावे लागतील. फिकट शेडला कलरंट कमी लागेल, तीही बचतच. तोवर नवा बेस त्या दोन दुकानांना देऊ नका. आणि बेसमधलं टायटॅनियम दर बॅचला तेवढंच हवं. भाव चढला म्हणून पाव किलो काढलं असं करायची सोय आता राहिली नाही.

दोन_हात

एका भिंतीवर जुनी-नवी बादली आली की आमची मान कापली जाते बगा. बॅच नंबर मोठा छापा.

जालनेकर

छापतो. झाकणावर चालेल ना?

दोन_हात

बादलीवर छापा. झाकणं साइटवर अदलाबदल होतात.